सत्तर अक्षरांची मराठी आणि आरसीएस

'ज्ञानेश्वर' हे नाव आपण चार अक्षरांचं म्हणतो. ज्ञा, ने, श्व, र. एसएमएसच्या हिशोबात मात्र ते दहा अक्षरांचं होतं, कारण तिथे ज वेगळा, हलन्ताची खूण वेगळी, ञ वेगळा, काना वेगळा, मात्रा वेगळी, असं सगळं सुटं सुटं मोजतात, आणि मराठीतल्या एका एसएमएसमध्ये अशी सुटी अक्षरं बसतात फक्त ७०. इंग्रजीत लिहा, १६० बसतात.

हे मला इतकं पाठ असण्याचं कारण म्हणजे आमच्या इथल्या एका छोट्या पतसंस्थेचे बल्क मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे आहे. काम म्हणजे पगारी वगैरे नाही, 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' म्हणून गळ्यात पडलेलं. बल्क मेसेजवाला आपल्याला क्रेडिट विकतो, एका एसएमएसला एक क्रेडिट. आता संस्थेच्या मेसेजची भाषा कशी असते तुम्हाला माहितीये. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा', इथपर्यंत आलं की ६४ अक्षरं संपलेली असतात. अजून तारीख नाही, वेळ नाही, ठिकाण नाही, आणि चेअरमन साहेबांचं नाव तर यायचंच आहे. म्हणजे एक मेसेज म्हणता म्हणता तीन क्रेडिट जातात आणि ते प्रत्येक सभासदामागे. सेक्रेटरी काकांना हे सांगितलं की ते म्हणतात अरे मग इंग्रजीत पाठव. काका, मग आपले निम्मे सभासद तो वाचणार कसे? बरं, मेसेज लांब झाला की ७० सुद्धा मिळत नाहीत, ६७ मिळतात, कारण हा तुकडा कितवा आहे ते सांगायला प्रत्येक तुकड्यात थोडी जागा जाते. इंग्रजीत तसंच १६० चे १५३ होतात. आणि गंमत म्हणजे अख्खा मेसेज इंग्रजीत लिहून शेवटी नुसतं एक मराठी अक्षर किंवा एक इमोजी टाकली, तरी सगळा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. हात जोडलेली ती एक इमोजी आख्ख्या यादीला दुप्पट बिल लावू शकते.

मग परवा पोरांनी सांगितलं की आता आरसीएस आलंय, म्हणजे एसएमएसचा इंटरनेटवरून जाणारा नवा अवतार, त्यात असलं काही नसतं. आलंय म्हणजे तसं बरीच वर्षं येतच होतं. पण त्या निमित्ताने मी जरा खोलात जाऊन वाचलं आणि मला जे समजलं ते इथे लिहितोय, कारण याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात ब्लू टिक, टायपिंगचे तीन ठिपके, एचडी फोटो यापलीकडे कोणी जात नाही.

तर आधी एसएमएस असा का आहे ते बघू. जीएसएम, म्हणजे आजच्या मोबाइलच्या मुळाशी असलेली पद्धत, तिचं सगळं युरोपात ठरत होतं ऐंशीच्या दशकात. फोन लावायच्या आधी, फोन चालू नसताना सुद्धा, मोबाइल आणि टॉवर यांच्यात सतत काहीतरी बारीकसारीक देवाणघेवाण चालू असते, मी इथे आहे, तुला कॉल आलाय, रेंज बदलली वगैरे. त्याला सिग्नलिंग म्हणतात. ती यंत्रणा कॉलसाठी बांधलेली, पण बराच वेळ रिकामीच असते, मग तिच्यातून छोटा मजकूर का पाठवू नये असा विचार झाला. म्हणजे एसटी तशीही गावाला चाललेलीच आहे तर ड्रायव्हरकडे डबा देऊन ठेवायचा, तसं. वेगळी गाडी नाही, वेगळा खर्च नाही. पण मग डबा सीटखाली मावेल एवढाच असायला पाहिजे, आणि पोचल्यावर कोणी उघडला का, वाटेत कोणी उघडून बघितला का, हे ड्रायव्हरला विचारायची सोय नाही. एसएमएसचे जवळजवळ सगळे दोष आणि सगळे गुण या एका गोष्टीतून आलेत असं मला वाटतं.

सीटखालची ती जागा होती १४० बाइट. इंग्रजी अक्षराला ७ बिट धरले की त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरी त्या ७ बिटांच्या तक्त्यात नाहीच, तिला १६ बिट लागतात, म्हणून ७०. चिनी, अरबी, रशियन सगळ्यांचं तेच. १६० पुरतील का यावर जर्मनीतल्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या इंजिनिअरने १९८५ च्या सुमाराला टाइपरायटरवर सहज सुचतील तशी वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली होती, पोस्टकार्डावर लोक साधारण किती लिहितात तेही बघितलं होतं, आणि म्हणाला पुरतात. त्याच्या वाक्यांना पुरत असतील. त्याने एखाद्या पतसंस्थेची नोटीस मोजली नव्हती.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला गेला, इंग्लंडमध्ये, नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विसला 'मेरी ख्रिसमस' पाठवलं. ते सुद्धा कॉम्प्युटरवरून, कारण तेव्हाच्या फोनवर मेसेज लिहायची सोयच नव्हती, आलेला वाचता यायचा फक्त. हा मेसेज पुढे २०२१ मध्ये पॅरिसला एनएफटी म्हणून, म्हणजे मालकीच्या डिजिटल दाखल्याच्या रूपात, लिलावात १ लाख ७ हजार युरोला विकला गेला. पंधरा अक्षरांचा मेसेज, स्पेस धरून. असो.

आपल्याकडे एसएमएसचा जो काळ होता तो ज्यांनी बघितला त्यांना वेगळं सांगायला नको. एसएमएस पॅक मारायचा, मग दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला तो पॅक चालायचा नाही, ब्लॅकआउट डे म्हणायचे त्याला, मग लोक आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळे व्हायचे आणि ऐन पाडव्याला सगळे गप्प. नोकियावर डिलिव्हरी रिपोर्ट चालू करून ठेवायचा, त्यातही नुसतं पोचलं एवढंच कळायचं, वाचलं का ते नाही. लांब मेसेज आला की मधला तुकडा गायब होऊन 'सम टेक्स्ट मिसिंग' यायचं, त्यावर तर कॉलेजात विनोदांची वेगळी शाखाच निघाली होती. २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहिरातींचा सुळसुळाट थांबवायला एका सिमवरून दिवसाला १०० च मेसेज असा नियम काढला होता, नंतर तो २०० केला. त्यात जाहिरातवाले किती थांबले देव जाणे, कॉलेजची पोरं मात्र हवालदिल झाली होती. आणि मग २०१२ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडच्या लोकांमध्ये आपल्यावर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या, बंगळुरू आणि आपल्या पुण्यातून सुद्धा माणसं गाड्या भरभरून गावाकडे निघाली, तेव्हा सरकारने काही दिवस एका वेळी पाचच मेसेज अशी मर्यादा घातली होती. आज व्हॉट्सॲपवर फॉरवर्डला जी पाचची मर्यादा आहे ती बघितली की मला ते आठवतं.

या सगळ्यात मराठीचं काय झालं? मराठी आपण इंग्रजी अक्षरांतच लिहायला शिकलो. बऱ्याच फोनवर देवनागरी दिसायचीच नाही, चौकोन दिसायचे, आणि दिसली तरी ७० अक्षरांत काय लिहिणार. 'गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्यालाच ३१ जातात, अजून 'आपणांस व आपल्या परिवारास' राहिलंय. मोबाइलमध्ये भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत असा सरकारी नियम बराच उशिरा आला, तोपर्यंत एका पूर्ण पिढीच्या बोटांना ती सवय लागून गेली होती. आजही माझे कित्येक मित्र इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहितात, आता तर कसलीच मर्यादा नाही तरी. लोक म्हणतात मराठी लोकांना आपल्या लिपीची लाज वाटते वगैरे. मला नाही तसं वाटत, निदान सगळं तसं नाही. त्यातला मोठा भाग १४० बाइटचा आहे.

एमएमएस नावाचं एक प्रकरण मध्ये येऊन गेलं. कस्टमर केअरला मेसेज करून सेटिंग मागवायची, ती सेव्ह करायची, फोन बंद-चालू करायचा, आणि मग टपाल तिकिटाएवढा फोटो पाठवायचा आणि त्याचे पैसे कापले जायचे. आपल्याकडे ते चाललंच नाही, पुढे जाऊ.

आता आरसीएस. रिच कम्युनिकेशन सर्व्हिसेस. मुळात ही कल्पना २००७-०८ ची आहे, म्हणजे व्हॉट्सॲपच्याही आधीची, हे वाचून मी चाट पडलो. मोबाइल कंपन्यांची जी जागतिक संघटना आहे जीएसएमए, तिने हे हातात घेतलं. उद्देश सरळ होता, मेसेज आता सिग्नलिंगच्या फटीतून न पाठवता इंटरनेटच्या डेटावरून पाठवायचा, पण नंबर तोच, ॲप तेच, वेगळं अकाउंट काढायची भानगड नाही. २०१२ मध्ये युरोपात 'जॉइन' नावाने आणलं, आपल्याकडे जिओच्या सुरुवातीच्या दिवसांत जिओ-जॉइन नावाचं ॲप अनेकांनी व्होल्टी (४जी वरून थेट कॉल करायची सोय) नसलेल्या फोनवर कॉल करायला टाकलं होतं, त्यातही हे होतं. पण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करत बसली, या कंपनीचं त्या कंपनीला जुळेना, आणि एकेका एसएमएसवर पैसे मिळत असताना फुकटचं काहीतरी द्यायची घाई कोणाला असणार? तेवढ्यात व्हॉट्सॲप येऊन सगळं घेऊन गेलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये कुठे सगळ्यांसाठी एकच नियमावली झाली, युनिव्हर्सल प्रोफाइल. त्याच्या आदल्या वर्षी गुगलने जाइब नावाची कंपनी विकत घेतली होती जी हेच काम करायची, आणि २०१९ मध्ये गुगल म्हणालं की मोबाइल कंपन्यांची वाट बघण्यात अर्थ नाही, आमच्या सर्व्हरवरून आम्हीच चालू करतो. आधी ब्रिटन आणि फ्रान्स, मग अमेरिका, मग बाकी जग.

फायदे काय, तर जे तुम्हाला माहितीच आहे ते. पोचलं, वाचलं, समोरचा टाइप करतोय हे दिसतं. फोटो-व्हिडिओ मूळ क्वालिटीच्या जवळपास जातात, फाइल १०० एमबीपर्यंत जाऊ शकते. ग्रुप खरोखरचे ग्रुप असतात, एसएमएसमध्ये ग्रुप म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळा मेसेज आणि उत्तरं सगळी वेगवेगळी. पाठवलेला मेसेज दुरुस्त करता येणं, परत घेणं, हे पण २०२४ च्या नियमावलीत आलं. वायफायवर चालतं, म्हणजे घरात रेंज नसेल, आमच्यासारखी स्लॅबची जुनी बिल्डिंग असेल, तरी मेसेज जातो. आणि अक्षरं मोजावी लागत नाहीत, ज्ञानेश्वर लिहा नाहीतर कृष्णमूर्ती लिहा, कोणी विचारत नाही. एवढं एकच मला पुरेसं होतं खरं तर.

पण सगळ्यात मोठा फरक दिसत नाही, तो सुरक्षेचा आहे, त्यावर जरा थांबतो.

एसएमएस कंपनीच्या सर्व्हरवर साध्या मजकुरात असतो. तिथे तो थांबतो, तुमचा फोन लागला की पुढे जातो, फोन बंद असेल तर वाट बघतो. आणि कंपन्या कंपन्यांमध्ये जी सिग्नलिंगची यंत्रणा आहे, एसएस७ म्हणतात तिला, ती सत्तरच्या दशकातली, जेव्हा जगात मोजक्या टेलिफोन कंपन्या होत्या आणि सगळ्यांचा एकमेकांवर विश्वास होता. त्या विश्वासाला चावी-कुलूप काही नव्हतं. त्यामुळे कोणाला तिच्यात शिरता आलं तर तो 'हा नंबर सध्या माझ्याकडे आहे' असं नेटवर्कला सांगू शकतो आणि त्या नंबरचे मेसेज स्वतःकडे वळवून घेऊ शकतो. हे पुस्तकातलं नाही, २०१७ च्या सुरुवातीला जर्मनीत हेच झालं, चोरांनी आधी लोकांचे बँकेचे पासवर्ड मिळवले, मग एसएस७ मधून त्यांचे ओटीपी वळवून घेतले आणि खाती रिकामी केली. तुमचं सिम तुमच्या खिशात, फोन तुमच्या हातात, आणि ओटीपी भलतीकडे. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने एसएमएसवरच्या ओटीपीबद्दल इशारा दिला होता. आणि २०२४ च्या शेवटी अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या यंत्रणेत चिनी हॅकर घुसल्याचं बाहेर आलं तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणाच लोकांना सांगायला लागल्या की बाबांनो, एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप, असलेलं काहीतरी वापरा.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटच्या ओळख-पडताळणीचे नवे नियम काढले, त्यांची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात एसएमएसच्या ओटीपीवर बंदी नाही, पण फक्त त्याच्यावरच अवलंबून राहायला नको, दुसरे मार्ग पण चालतील, अशी दिशा आहे. बरं झालं. ओटीपीची वाट बघत पेट्रोल पंपावर उभं राहणं हा आपला राष्ट्रीय उद्योग झालाय.

मग आरसीएसमध्ये हे सगळं सुटतं का? इथे जाहिरातीवर जाऊ नका. मूळ आरसीएसमध्ये एंड टू एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येणार नाही असं कुलूप, नव्हतंच. म्हणजे वाटेत कोणी ऐकू नये एवढी सोय होती, पण सर्व्हरवाल्याला दिसू शकत होतं. गुगलने आपल्या मेसेजेस ॲपमध्ये २०२१ मध्ये दोघांच्या गप्पांसाठी ते स्वतःहून बसवलं, सिग्नल नावाच्या मेसेजिंग ॲपची पद्धत वापरून, नंतर ग्रुपलाही दिलं. पण ते दोन्हीकडे गुगलचंच ॲप असेल तरच. नियमावलीत ते आलं मार्च २०२५ मध्ये, युनिव्हर्सल प्रोफाइल ३.० मध्ये, एमएलएस नावाच्या खुल्या पद्धतीवर, आणि ॲपलने पण आम्ही ते देऊ असं तेव्हाच सांगितलं. म्हणून कोणी 'आरसीएस सुरक्षित आहे' म्हणालं तर त्याला विचारायचं, कुठल्या ॲपवरून कुठल्या ॲपवर? गुगल मेसेजेसमध्ये पाठवायच्या बटनावर छोटं कुलूप दिसतं, ते असेल तर आहे, नसेल तर नाही.

ॲपलचा विषय निघालाच आहे तर. माझी चुलत बहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडून मला कळलं की तिथे मेसेजचा रंग हा शाळेतल्या पोरांचा मोठा विषय आहे. आयफोनवरून आयफोनला गेला की निळा, ॲन्ड्रॉइडला गेला की हिरवा. निळा म्हणजे आयमेसेज, ॲपलचं स्वतःचं, २०११ पासूनचं. हिरवा म्हणजे आपला एसएमएस नाहीतर एमएमएस, त्यामुळे एक जरी ॲन्ड्रॉइडवाला ग्रुपमध्ये आला की सगळ्या ग्रुपचे व्हिडिओ ओळखू न येण्याइतके धुरकट. भाच्याला ग्रुपमध्ये घेईनात म्हणून शेवटी ताईने त्याला आयफोन घेऊन दिला, डॉलरमध्ये. आपल्याकडे हे कोणाला पटतच नाही कारण आपण मेसेजचं ॲप वापरतच नाही, पण अमेरिकेत लोक आजही फोनबरोबर आलेलं ॲपच वापरतात. २०२२ मध्ये एका कार्यक्रमात कोणीतरी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना विचारलं की मला माझ्या आईला व्हिडिओ नीट पाठवता येत नाहीत, तर ते म्हणाले आईला आयफोन घेऊन द्या. विनोद म्हणून ठीक आहे, पण त्यातून धंदा कसा चालतो ते अगदी स्वच्छ कळतं. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलने आरसीएस देतो म्हणून जाहीर केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर दिलं. रंग हिरवाच ठेवला. व्हिडिओ मात्र नीट जायला लागले. आयफोनवर ते चालायला तुमच्या मोबाइल कंपनीचा पण पाठिंबा लागतो, तेव्हा सेटिंगमध्ये पर्याय दिसत नसेल तर फोन बिघडला नाहीये.

आता तुम्ही म्हणाल की आपल्याकडे व्हॉट्सॲप आहे, त्यात हे सगळं कधीपासून आहे, एन्क्रिप्शन तर २०१६ पासून आहे, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, डॉक्टरची अपॉइंटमेंट, वाण्याची यादी, सगळं तिथे आहे आणि ते उठून इकडे येणार नाही. माझंही येणार नाही.

पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सॲप ही एका कंपनीची जागा आहे. तिने उद्या नियम बदलला, जाहिराती वाढवल्या, तुमचा नंबर बंद केला, तर दाद मागायची कुठे? एसएमएसचं तसं नव्हतं, या कंपनीच्या सिमवरून त्या कंपनीच्या सिमला, नोकियावरून सॅमसंगला, मेसेज जायचाच, कारण तो नियम कोणा एकाचा नव्हता. आरसीएस त्याच जातीचं आहे, निदान कागदावर. कागदावर अशासाठी म्हणतो की नियमावली सगळ्यांची असली तरी जगातल्या बऱ्याच मोबाइल कंपन्यांचं आरसीएस प्रत्यक्षात गुगलच्या जाइब सर्व्हरवरच चालतं. कंपन्यांनी दहा वर्षं घोळ घातला त्याचं हे फळ. तरी सुद्धा नियम खुले असणं आणि सर्व्हर एकाचा असणं, हे नियम आणि सर्व्हर दोन्ही एकाचं असण्यापेक्षा बरंच म्हणायचं.

आणि स्पॅम. यावर आपण भारतीय लोक अधिकाराने बोलू शकतो. आरसीएसमध्ये कंपन्यांना लोगो, फोटो, बटनं असलेले मेसेज पाठवता येतात, नावापुढे पडताळणीची खूण असते. कल्पना चांगली, कारण एसएमएसच्या हेडरमधून, म्हणजे नंबरच्या जागी दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावातून, कोण बोलतंय ते कळणं हे एक कोडंच आहे, त्या सहा अक्षरांच्या आधीची दोन अक्षरं, त्यातलं पहिलं मोबाइल कंपनीचं आणि दुसरं सर्कलचं, मुंबईला एम, दिल्लीला डी, हे किती जणांना माहिती असतं? पण आपल्याकडे झालं काय की ज्यांची पडताळणी झालेली तेच कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिराती ओतायला लागले, इतक्या की जून २०२२ मध्ये गुगलला भारतात आरसीएसवरच्या जाहिराती काही काळ थांबवाव्या लागल्या. बहुतेकांनी आरसीएसचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते 'हे बंद कसं करायचं' असं शोधताना.

एसएमएसच्या बाजूला तोवर ट्रायने डीएलटी आणलं. म्हणजे व्यावसायिक मेसेज पाठवायचा तर संस्था नोंदवा, हेडर नोंदवा, मेसेजचा मसुदा नोंदवा, बदलणारा मजकूर कुठे येणार तिथे खुणा करा. मार्च २०२१ मध्ये ते कडक केलं तेव्हा मसुदे न जुळल्यामुळे देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ते आठवड्यासाठी स्थगित करावं लागलं होतं. आमच्या पतसंस्थेचं तर विचारू नका. मराठी मसुदा भरताना युनिकोड निवडायचं, मग पोर्टलवर अनुस्वार वेगळ्या पद्धतीने टाइप झाला म्हणून मसुदा जुळत नाही, मेसेज जात नाही, आणि क्रेडिट मात्र गेलेलं, बल्कवाल्याला फोन केला की तो म्हणतो सर तुमच्या साइडने इश्यू आहे. २०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर पण येतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. हे लक्षात ठेवा, उपयोगी आहे. 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री तोडणार' असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो सरळ डिलीट.

एवढं सगळं असून मी पतसंस्थेचे मेसेज आरसीएसवर नेले का? नाही. थोडे नेऊ, सगळे नाही. आमचे बरेच सभासद साठीच्या पुढचे, त्यातल्या पुष्कळांकडे बटनाचा फोन, तो चार दिवसांतून एकदा चार्ज करायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा. आरसीएसला स्मार्टफोन पाहिजे, डेटा चालू पाहिजे, आणि ॲपमध्ये ते सुरू केलेलं पाहिजे. एसएमएसला यातलं काही नको. घाटात, शेतात विहिरीपाशी, एक कांडी रेंज असेल तरी तो सरकत सरकत येतो, फोन बंद असेल तर चालू झाल्यावर येतो. केंद्र सरकारने २०१३ मध्ये एमकिसान सुरू केलं तेव्हा शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत सल्ला द्यायला एसएमएसच निवडला, तो उगाच नाही. (आणि २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजून घाबरवून गेले ती आपत्तीची चाचणी, ती एसएमएस पण नव्हती आणि आरसीएस पण नव्हती, तो सेल ब्रॉडकास्ट, टॉवरवरून एकदम सगळ्यांना. त्याला नंबरसुद्धा लागत नाही.)

शिवाय अजून एक मजा. आरसीएस चालू करताना तुमचा नंबर खरा आहे का हे तपासायला ते स्वतःच बऱ्याचदा एसएमएस वापरतं. व्हॉट्सॲप पण तेच करतं. डेटा नसेल, मेसेज अडकला, की आरसीएसचा मेसेज एसएमएस म्हणून पाठवायचा पर्यायही असतोच, आणि तो तसा गेला की पुन्हा ७० अक्षरं, पुन्हा तुकडे, पुन्हा साधा मजकूर, कुलूप गायब. त्यामुळे एखादी खासगी गोष्ट लिहिताना ॲपच्या सेटिंगमध्ये आपोआप एसएमएस पाठवायचा पर्याय बंद आहे का ते बघून घ्या.

ज्यांना वापरून बघायचंय त्यांच्यासाठी. गुगल मेसेजेस उघडा, वरच्या कोपऱ्यात तुमच्या फोटोवर दाबा, सेटिंगमध्ये आरसीएस चॅट्स आहे, तिथे चालू करा आणि स्टेटस 'कनेक्टेड' येईपर्यंत थांबा, कधी लगेच येतं कधी बराच वेळ घेतं. मेसेज लिहायच्या चौकोनात आरसीएस असं पुसट दिसलं की समोरच्याकडेही आहे. फोन बदलणार असाल, खास करून ॲन्ड्रॉइडवरून बटनाच्या फोनवर जाणार असाल, तर आधी इथे बंद करा, नाहीतर लोकांचे मेसेज काही दिवस जुन्या पत्त्यावरच जात राहतील. जाहिरातींचे मेसेज आले तर त्या चॅटमध्येच ब्लॉक आणि रिपोर्टचा पर्याय आहे, तो दाबा, सगळं आरसीएस बंद करायची गरज नाही.

पतसंस्थेच्या यंदाच्या नोटिशीचा मसुदा मी 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' काढून टाकून नोंदवलाय. 'वार्षिक सभा' आणि पुढे सरळ तारीख. दोन क्रेडिटमध्ये बसतोय. सेक्रेटरी काका म्हणतात भाषा फार तुसडी वाटते.